आडनाव बदलल्याची चिठ्ठी

आम्ही त्याला स्टार्ची म्हणतो.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
विचारलं की थोरले नुसते बटाटे सोलत राहायचे.

केपटाउनहून बोटीने सात दिवस, समुद्र बरा असेल तर.
आमच्या ट्रिस्टनवर मोजकीच आडनावं,
आणि कोण कुणाचं पोर ते
वळणावर पाठमोरं दिसलं तरी कळतं.
पाखराचं आडनाव मात्र इथे ठरलं नाही.
ते ठरलं लांब कुठल्याशा टेबलावर,
दोऱ्याने पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर:
नेसोसिक्ला, म्हणजे बेटावरचा कस्तुर.
शास्त्रात आडनाव आधी, नाव मागाहून.
नाव एरेमिटा, म्हणजे जोगी,
जगाकडे पाठ करून बसलेला.

जोगी कसला!
अंड्याला भोक पाडून
आतलं सगळं चाटूनपुसून नेतो,
आपण बघत असताना, आपल्याच बादलीतून.
शेजारच्या नाइटिंगेल बेटावर याचा भाऊ राहतो.
(तिथे एकही नाइटिंगेल नाही,
ते कुणा कप्तानाचं आडनाव.)
त्या भावापुढे लिहिलंय प्रोकॅक्स, म्हणजे आगाऊ.
हे लिहिणाऱ्याच्या डब्यात
त्याने नक्की तोंड घातलं असणार.

जोग्याचं कूळ पुसू नये म्हणतात.
थांडेकाने पुसलं.
झोपडीत कंदील मी धरला होता,
पाखरू तिच्या मुठीत, पंख जरासा उचललेला,
आणि काचेच्या नळीत एक थेंब,
करवंदाएवढासुद्धा नाही.
सोडल्यावर ते उडालंही नाही,
तिच्या बुटाची नाडी ओढत बसलं.

दीड वर्षाने बोटीतून पत्र आलं,
कांद्याचं बी, लोकरीचे गुंडे
आणि क्लॅरिसच्या नव्या कवळीबरोबर.
नेसोसिक्ला हे कूळ आता नाही, तिने लिहिलं होतं.
तुमचा स्टार्ची टर्डस निघाला,
चारचौघांतल्या कस्तुरांच्या घरचा.
याचे भाऊबंद पश्चिमेला, समुद्रापलीकडे,
अमेरिकेच्या रानांत आहेत.
कुठल्या तरी वादळात पूर्वज इकडे फेकले गेले असावेत.
खाली तिने लिहिलं होतं: रागावू नका.

राग कसला. आम्ही तरी कसे आलो?
कुणी फुटलेल्या गलबतातून,
कुणी बायको शोधायला गेलेल्या होडीतून.

एकसष्ट साली डोंगर फुटला, मी नऊ वर्षांची.
आम्हा सगळ्यांना इंग्लंडला नेलं.
दोन वर्षांनी परतलो, तेव्हा विल्बर्ट आला नाही.
त्याला बसचा कंडक्टर व्हायचं होतं, झाला.
आता त्याची नात फोन करते,
आमचंच आडनाव असं उच्चारते
की मी दोनदा विचारते, कोण बोलतंय?

म्युझियमची एकच खोली, किल्ली माझ्याकडे.
काचेमागे पेंढा भरलेला स्टार्ची,
डावा डोळा बटणाचा.
जुनं कार्ड काढलं. फाडावं असं वाटेना.
नेसोसिक्लावर एक बारीक रेघ मारली,
वाचता येईल इतकी,
आणि वर लिहिलं टर्डस.
एरेमिटा तसंच राहिलं.
लग्नानंतर माझंही असंच झालं होतं, बोटीच्या यादीत.
क्लॅरिस नवी कवळी सावरत म्हणाली,
खाली स्टार्ची लिही की,
नाहीतर कळणार कसं हा कोण आहे?

एक सांगायचं राहिलं.
जायच्या आदल्या दिवशी थांडेकाने नाइटिंगेलवर
फोनमधून एक आवाज ऐकवला,
ब्राझीलच्या रानातला, लांबच्या चुलतभावाचा.
शीळ वर गेली, थांबली, पुन्हा वर गेली.
आमचा आगाऊ मान तिरकी करून उभा राहिला,
एक श्वास, दोन श्वास.

मग बादलीच्या काठावर चढला
आणि अंडं फोडू लागला.